विरोधात एक

त्यांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर ते वरूनसुद्धा विरोध नोंदवतील, आणि आमचे चिटणीसही आता वरच असल्यामुळे ती नोंद लगेच होईल. गाव त्यांना विरोधकाका म्हणत असे. मुलं तोंडावर म्हणत, मोठी माणसं पाठीमागे म्हणत, आणि त्यांना दोन्ही ठाऊक होतं. मी नुसतं 'काकानू' म्हणायची, कारण ग्रामपंचायतीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या आणि शेजाऱ्याशी बरं ठेवावं लागतं.

मी पंचायतीत कशी गेले ते आधी सांगते, म्हणजे उगाच कुणी माझं कौतुक करणार नाही. सरकारने कायदा काढला की पंचायतीत बायका हव्यात. माझे मोठे दीर सरपंच. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि सासूबाईंना म्हणाले, "परकी कित्याक? आपलीच घालूया." मला कुणी विचारलं नाही. मी माजघरात तांदूळ निवडत होते, आणि तांदूळ निवडता निवडता मी निवडून आले.

माझं काम सोपं होतं. दीर काळी टोपी घालायचे. ठराव वाचून झाला की त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली तर हात वर करायचा. टोपी डोक्यावरच राहिली तर हात मांडीवर. एवढंच राजकारण मला शिकवलं होतं, आणि ते मला चांगलं येत होतं. पंचायतीत आम्ही नऊ जण. त्यांतले आठ जण त्या टोपीखाली बसायचे, टोपीचा मालक धरून. नववे विरोधकाका.

त्यामुळे आमच्या वहीत प्रत्येक ठरावाखाली एकच वाक्य असे: बाजूने आठ, विरोधात एक. चिटणीसांनी पुढे पुढे ते आधीच लिहून ठेवायला सुरुवात केली होती. काकांना ते कळलं तेव्हा त्यांनी त्यालाही विरोध केला. "मत देवच्या आधी लिवल्यात कसां? माझा मन बदलला तर?" चिटणीस म्हणाले, "बदलतलां?" काका म्हणाले, "नाय. पण लिवूचा मागीरच."

माणूस असा काडीसारखा. मुंबईला गिरणीत होते, तिथे संप, तुरुंग, पुन्हा संप, आणि शेवटी छातीत कापूस भरला म्हणून गावी आले. सोबत एक ट्रंक आणि लाल बावटा. लग्न केलं नव्हतं. कुणी बाईने विचारलं तर म्हणत, "त्या ठरावाक अनुमोदक गावलो नाय." किनाऱ्यावरच्या वाडीत भावाच्या घराला टेकून एक खोप होती, तिथे राहत. जाळी विणत, जाळी सांधत, आणि पंचायतीच्या दिवशी अंगात एकुलता एक सदरा घालून चढण चढून वर येत. धाप लागलेली असे. खुर्चीवर बसून श्वास जुळवायचे, आणि पहिला धड श्वास मिळाला की तो विरोधात खर्च करायचे.

कशाकशाला विरोध केला म्हणून सांगू? पंचायतीसाठी घड्याळ घ्यायचं ठरलं, विरोध. कारण ते सरपंचांच्या खोलीत लागणार, मग बाहेर ताटकळणाऱ्या माणसांना किती वेळ ताटकळलो ते कळणार कसं? सभा तहकूब करायलाही विरोध. सगळ्यांना भुका लागलेल्या, त्यांचं स्वतःचं पोट आत गेलेलं, तरी म्हणाले, "काम आसा अजून. नोंद करा." हे 'नोंद करा' त्यांचं पेटंट वाक्य. गावातली मुलं भांडतानासुद्धा एकमेकांना चिमटा काढून 'नोंद कर' म्हणायची.

वरच्या आळीतले एक मोठे जमीनदार वारले, तेव्हा दुखवट्याचा ठराव आला. बाजूने आठ, विरोधात एक. दीर संतापले. कचेरीत ते शुद्ध बोलत, तसंच बोलले, "अहो, निदान मेलेल्या माणसाला तरी सोडा." काका म्हणाले, "जित्यापणी त्येंनी कोणाक सोडल्यानी?" आणि गंमत बघा, दुसऱ्या दिवशी स्मशानात लाकडं वाहायला सगळ्यांत पुढे हेच. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "मड्याक खांदो देवचो, वैनी. ठरावाक देवचो न्हय."

मलाही सोडलं नाही. मी पहिली स्त्री सभासद म्हणून माझ्या अभिनंदनाचा ठराव आला. मी नवं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन बसलेली. टोपी टेबलावर आली, हात वर गेले, आणि शेजारून आवाज आला, "विरोध." मला भुईत गेल्यासारखं झालं. काका म्हणाले, "वैनी तीन सभांक इली. एक शब्द बोलूक नाय. बोलली काय अभिनंदन करूया." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि म्हटलं, "बोललंय आता. बसा गप खाली."  दिरांनी टेबलावरून परत उचललेली टोपी हातातच राहिली. काका मात्र खाली बसले, हसले, आणि चिटणीसांना म्हणाले, "विरोध मागे. तटस्थ लिवा." त्यांच्या सबंध कारकिर्दीत दुसऱ्याच्या ठरावावर ते तटस्थ राहिले असा तो एकच प्रसंग, आणि तो माझ्या वाट्याला आला म्हणून मला अजून थोडी ऐट आहे.

देवावर विश्वास नव्हता. नारळी पुनवेला सगळी वाडी समुद्राला नारळ द्यायला जाई, हे पाठमोरे बसून जाळं सांधत. प्रसाद मात्र खात. "प्रसाद शेतकऱ्याच्या घामाचो, त्येका माझो विरोध नाय," असं म्हणून दोनदा घेत. आणि त्यांचा तो लाल बावटा! निवडणूक नसली की तो वाळवणावर रोवलेला असे, बांगड्यांवरचे कावळे हाकायला. पक्षाचा कुणी पुढारी एकदा गावात आला आणि ते बघून हबकला. काका म्हणाले, "निवडणुका पाच वर्सांनी येतत, कावळे रोज येतत. बावटो गरिबाच्या ताटाची राखण करता, हेच्या परास आणखी काय करूचा?" पुढारी निघाला. जाताना सुके बांगडे घेऊन गेला.

प्रचार तर बघण्यासारखा. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात ते सगळ्यांना माहीत आहे. गावकर देवापुढे उभा राहून मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. पोटातून येतं ते. माणूस झोपेत असला तरी कानावर 'म्हाराजा' पडलं की तोंडातून 'व्हय' निघतंच. काकांनी मुंबईतली भाषणं इथे करून बघितली होती. भांडवल, शोषण, वर्ग वगैरे. माणसं माशांच्या टोपल्या घेऊन निघून जात. मग त्यांनी एक दिवस तिठ्यावर उभं राहून हात जोडले आणि सुरू केलं.

"बा जनता म्हाराजा! आज ह्या तिठ्यार जी काय तुझी लेकरां जमली आसत, तेंच्या जाळ्यातली मासळी तेंच्याच ताटात पडूं दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण तेंच्या ताटात हात घालीत, तेचो हात थंयच अडकू दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काय तो गजर. विधानसभेला उभे राहिले तेव्हा असे दहा-बारा गावांत गजर झाले. भलेभले घाबरले. मतं मोजली तर अनामत गेली. आमचे दीर आठ दिवस हसत होते. काका म्हणाले, "व्हय म्हणणारे खोटे नाय. पण तेंनी माझ्या गाऱ्हाण्याक व्हय म्हटल्यानी, माका न्हय." देवळातल्या गावकरांनी तक्रार केली की हा माणूस देवाचं गाऱ्हाणं चोरतो. त्यावर काकांनी सांगितलं की देवाने येऊन सही केली तर परत देईन.

पंचायतीला मात्र किनाऱ्याच्या वाडीने त्यांना निवडून दिलं, कारण त्या वाडीला एक गोष्ट हवी होती. पाणी. त्यांची बाव, म्हणजे विहीर, समुद्राला एवढी लागून की होळी झाली की पाणी खारट. मग पाऊस येईपर्यंत बायका हंडे घेऊन चढण चढून देवळाच्या विहिरीवर. वरच्या आळीच्या बायकांचं भरून झाल्यावर ह्यांची पाळी. मीही वरच्या आळीचीच, मीही आधी भरून निघून यायची. खोटं कशाला बोलू? काका दर वर्षी ठराव मांडायचे: चढणीच्या पायथ्याशी, गोड्या पाण्याच्या झऱ्यावर, किनाऱ्याच्या वाडीसाठी नवी विहीर. तेवढ्या एका ठरावाला वहीतलं वाक्य उलटं व्हायचं. बाजूने एक, विरोधात आठ. चिरे दिरांच्या खाणीतले लागणार होते, आणि दिरांना ते बाहेर विकायचे होते.

एकदा मात्र कमाल झाली. चैत्रातलं ऊन, पंखा वगैरे कुठला, आणि नेमका विहिरीचा ठराव. दिरांना घाम फुटला म्हणून त्यांनी टोपी काढली आणि टकलावरून रुमाल फिरवला. झालं. माझा हात वर, पलीकडच्या दोघांचे हात वर. काकांचा होताच. चार. पाचवाही वर येऊ लागला होता, तोवर दिरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी टोपी अशी काही डोक्यावर आदळली की हात पटापट खाली. काका उभे राहिले. "नोंद करा. चार हात वर गेले आणि टोपीबरोबर खाली इले." चिटणीसांनी लिहिलं नाही, पण त्यांना खोकल्याची ढास लागली ती थांबेना. त्या दिवसापासून टोपी बंद झाली आणि तपकिरीची डबी सुरू झाली.

असंच चाललं असतं. पण एका वर्षी वैशाखाच्या तोंडावर वानरांनी देवळाच्या सभामंडपाची कौलं फोडली. दोन-चार नव्हे, पाऊण मंडप उघडा. पंचायतीच्या आवारात जुन्या बाजाराच्या मोडलेल्या शेडची कौलं रचून ठेवलेली होती, ती देवळाला द्यावीत असा ठराव दिरांनी मांडला. डबी उघडली, हात वर गेले. बाजूने आठ, विरोधात एक. काकांचं कारण साधं होतं. कौलं सगळ्यांची, पंचायतीने देवळाला द्यायची नाहीत, त्यांच्या पक्षाचा तसा नियम. "वानरांबद्दल माझा काय म्हणणा नाय," असंही त्यांनी नोंदवलं.

ठराव झाला, कौलं द्यायची ठरली, सगळं नेहमीसारखं. आणि दुसऱ्या दिवशी गाडं अडलं.

देवळाच्या कामाला हात लावण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालावं लागतं. आणि आमच्या गावचं गाऱ्हाणं सुरू होतं तेच मुळी 'सगळो गाव एका मनान तुझ्या पायाकडे इलो आसा' असं. गावकर म्हातारा होता, हट्टी होता, आणि देवापुढे खोटं बोलायला तो तयार नसे. तो दिरांना म्हणाला, "एका मनान म्हणू कसां? तुमच्या वयेत विरोध लिवलेलो आसा. कागदार शाई आसा." दिरांनी समजावलं, दरडावलं, शेवटी आवाज चढवून म्हणाले, "अरे, त्येचो विरोध कोण धरता? तो घड्याळाकसुद्धा विरोध करता." गावकर म्हणाला, "घड्याळ तुमचां. ह्यां देवाचां." आणि पंचा खांद्यावर टाकून घरी निघून गेला.

ज्या हाताने इतक्या वर्षांत एक पान हललं नव्हतं, त्या हाताशिवाय देवाच्या डोक्यावर कौल चढेना. पाऊस महिन्यावर आलेला. दीर देवस्थानचे पहिले मानकरी. देव भिजला तर बोल त्यांच्यावर येणार, आणि त्या भीतीने त्यांना जेवण जाईना. माझ्या हातची सोलकढी पानात तशीच राहायची, त्यावरून मला कळलं की मामला गंभीर आहे.

मग काकांची जी सरबराई सुरू झाली! कुणी फणस पाठवला, कुणी काजूची उसळ. ज्या घरांनी त्यांना कधी ओटीवर बसवलं नव्हतं तिथून चहाचं बोलावणं. ते सगळीकडे गेले, सगळं खाल्लं, तृप्तीने ढेकर दिला आणि म्हणाले, "फणस बरो आसा. विरोध कायम." मला वाटतं त्या पंधरा दिवसांत त्यांचं वजन वाढलं.

मीही गेले. दिरांनीच धाडलं, माझं ते ऐकतील म्हणून. किनाऱ्यावर ते जाळं पसरून बसले होते आणि समोर जानकी उभी होती. जानकी म्हणजे त्या वाडीतली मासे विकणारी बाई, आवाज असा की समुद्राने वळून बघावं. ती काकांना फाडून खात होती.

"नियम, नियम! तुझ्या पक्षाचो नियम माझ्या हंड्यात घाल आणि सांग माका, भात शिजता काय तो. मेल्या, पयल्यांदा तुझ्या हाताक किंमत इली आसा. ती फणसात घालवतंस?"

काका म्हणाले, "जानक्ये, तत्त्वाची गोष्ट आसा."

"तुझी तत्त्वां गोडी आसतली रे. आमची बाव खारी आसा."

काका गप्प झाले. इतकी वर्षं त्यांना सरपंच गप्प करू शकला नव्हता, पोलीस करू शकले नव्हते. जाळ्याची सुई त्यांनी वाळूत रोवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वैनी, सरपंचांक सांगा. आधी बाव. पाणी लागला, मी तां चाखलंय, आणि गोडा लागला, काय मगे माझो हात वर." मला आनंद व्हायला हवा होता. पण त्यांचा चेहरा बघून झाला नाही. त्यांना ठाऊक होतं आपण काय देऊन बसतोय ते. मुंबईत छाती गेली, तारुण्य गेलं, त्या सगळ्याच्या बदल्यात त्यांच्याकडे एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे ट्रंकेत तळाशी ठेवलेलं पक्षाचं कार्ड. देवळाच्या बाजूने हात वर केला की ते जाणार होतं.

दिरांनी चडफडत कबूल केलं. आणि मग जी विहीर खणली गेली तशी आमच्या गावात त्याआधी नाही, नंतर नाही. एरवी पंचायतीचं काम म्हणजे वर्षभर खड्डा. इथे देव भिजणार म्हणून अख्खा गाव फावडी घेऊन पायथ्याशी. खाणीतले चिरे गाड्या भरभरून उतरले. गावकर रोज आभाळ बघून जायचा. एका दिवशी खुद्द सरपंच मातीची पाटी डोक्यावर घेऊन चढताना दिसले. त्यांची टोपी चुंबळीच्या कामी आली होती. काका काठावर बसून मजुरांना म्हणत, "देवाच्या नावान का होईना, खणा."

पाणी लागलं. काकांनी ओंजळभर पिऊन बघितलं, डोळे मिटले, मग दुसरी ओंजळ दिरांपुढे धरली. "सरपंचानू, चाखा. नायतर उद्या म्हणशात खारा." दिरांनी चाखलं. गोड होतं. जानकीने पहिला हंडा भरला आणि चढणीकडे पाठ करून सरळ घराकडे निघाली.

सभा भरली. कौलांचा ठराव नव्याने वाचला. डबी उघडली, आमचे आठ हात वर गेले. मी बाजूला बघितलं. काकांचा उजवा हात गुडघ्यावर पडून होता. तो इतकी वर्षं फक्त 'विरोधात?' म्हटल्यावर उठायला शिकलेला, त्याला ही हाक ओळखीची नव्हती. शेवटी त्यांनी डाव्या हाताने उजव्याचं कोपर धरून तो वर ढकलला. चिटणीसांनी पेन शाईत बुडवलं आणि लिहिलं, 'एकमताने मंजूर'. ते वाचून दाखवणार तोच काका म्हणाले, "वाचू नकात. पेनाची करकर आयकूक येता माका."

देवळात गाऱ्हाणं झालं तेव्हा काका पायरीच्या खाली हाताची घडी घालून उभे. गावकराचा आनंद मावत नव्हता. त्याने एका मनाने सुरुवात केली, पाऊसपाणी मागितलं, गुरंढोरं मागितली, आणि भरात येऊन म्हणाला, "आणि ह्या आमच्या लाल बावटेवाल्याक अशीच बरी बुद्धी दी रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आणि खालून आवाज आला, "विरोध!" गावकराचं तोंड पांढरं पडलं. काकांनीच त्याची सुटका केली. "बुद्धीक विरोध आसा. कौलांक नाय. चालू द्या."

दिरांना मात्र ही गोष्ट पोटात ठेववेना. कुडाळच्या बाजारात जाऊन त्यांनी भेटेल त्याला सांगितलं की आमचा लाल बावटा देवाच्या पायाशी आला. दहा दिवसांत पक्षाचं पत्र आलं, खुलासा करायला या. काका सदरा घालून गेले. तिथे त्यांना म्हणाले म्हणे, चूक झाली असं लिहून द्या, मिटवून टाकू. काकांनी लिहून दिलं नाही. मला सांगताना म्हणाले, "नियमाच्या विरुद्ध होता तां. पण चूक नव्हती. तेंका म्हटलंय, खारा पाणी पिवन येवा, मागीर बोलूया." मग काकांना काढण्याचा ठराव झाला. बाजूने सगळे.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"विरोधात एक," काका म्हणाले. "नोंद करूक लावलंय. आणि कार्ड परत दिलंय." हे सांगताना ते हसत होते, पण त्यांना लागलेली धाप चढणीची नव्हती. मी उठून पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि डोळे पुसले.

पुढची पंचायत निवडणूक आली. किनाऱ्याच्या वाडीने काकांचा अर्ज भरला. जानकीने त्यांची सही घेतली आणि दोन बायका सोबत नेऊन स्वतः मामलेदार कचेरीत दिला. वाडीतून दुसरं कुणी उभं राहणार नाही असंच सगळ्यांना वाटत होतं. पण पक्षाने आपला उमेदवार दिला. त्याच वाडीतला एक तरुण मास्तर, शहाणा, सरळ, चष्मेवाला. हे कळताच काका म्हणाले, "पक्षाचो उमेदवार आसा तर मी अर्ज मागे घेतंय."

अर्ज मागे घ्यायला कचेरीत जायला हवं. कचेरीत जायला सदरा हवा. आणि सदरा त्या दिवशी सकाळी जानकीने धुवायला नेला तो सुकेना. कडकडीत ऊन, वाळूवर पाय ठेववेना, बांगडे दुपारपर्यंत लाकडासारखे झाले, पण काकांचा सदरा ओला. दर तासाला ते विचारायला यायचे आणि बायका म्हणायच्या, "अजून सुकूक नाय." पाठ वळली की त्यावर तांब्याभर पाणी. कचेरी बंद व्हायची वेळ टळली आणि पाच मिनिटांत सदरा वाळून, घडी होऊन त्यांच्या हातात आला.

नाव राहिलं. मग काकांनी प्रचार सुरू केला. मास्तरचा. मी मुद्दाम ऐकायला गेले होते. दारोदार बावटा घेऊन हा माणूस हात जोडून उभा. "बा मतदारा म्हाराजा! माका मत घालू नको रे म्हाराजा! मास्तराक घाल रे म्हाराजा!" आणि आतून बायका, पुरुष, म्हाताऱ्या सगळ्यांचं एकसाथ, "व्हय म्हाराजा!" जानकी तर भाकरी थापता थापता म्हणाली. काका खूश. मीही निर्धास्त होते. आमच्या गावचं 'व्हय' मतपेटीपर्यंत पोचत नाही हे एव्हाना मला चांगलं कळलं होतं.

मोजणी शाळेत झाली. काका एका मताने पडले.

माझं मत वरच्या आळीत, इथे त्याचा काही उपयोग नव्हता, पण घरी बसवेना. मी तडक किनाऱ्यावर गेले. काका वाळूत बसून मास्तरला पंचायतीतल्या सभेचे नियम समजावून देत होते आणि मास्तर बिचारा मान खाली घालून ऐकत होता. जानकी बोटं मोडून एकेका घराची मतं मोजत होती. एकही घर फिरलं नव्हतं. मास्तरचे भाऊबंद मास्तरकडे गेले होते, ते तिने आधीच धरलेलं. तिच्या हिशेबाने काका एका मताने निवडून यायला हवे होते. मला बघून तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "वैनी, तूच इचार हेका. माका सांगणा नाय."

मी विचारलं, "काकानू, तुमचां मत कोणाक?"

"पक्षाक."

माझा तोल गेला. जन्मात कधी मोठ्या माणसावर ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. "ज्या पक्षान तुमका काढल्यान, त्या पक्षाक?"

काकांनी वर बघितलं. त्यांना माझ्या प्रश्नाचं खरोखरच नवल वाटलं होतं.

"पक्षान माका काढल्यान, वैनी," ते म्हणाले. "मियां पक्षाक खंय काढलंय?"